राणीविना पेटी आणि त्यागाचा हिशोब

मधमाश्यांच्या पेटीतली राणी मेली आणि नवी तयार झाली नाही, की काही आठवड्यांनी चौकटीत एक विचित्र प्रकार दिसतो. ऊन पाठीमागून घेऊन चौकट तिरकी धरायची आणि घरांत डोकवायचं. एकेका घरात तीन-चार, कधी त्याहूनही जास्त अंडी असतात. काही तळाशी, बरीचशी बाजूच्या भिंतीला चिकटलेली. कारण ही अंडी राणीची नाहीत, कामकरी माश्यांची, म्हणजे एरवी वीण न करता राबणाऱ्या माद्यांची. कामकरीचं पोट आखूड, ते तळापर्यंत पोचत नाही. पुढे त्या घरांवर मेणाची झाकणं येतात तीही सपाट नसतात. फुगीर असतात, आणि सलग पट्ट्यात नाही तर इथे एक, तिथे दोन अशी विखुरलेली. त्यातून निघतात ते सगळे नर, तेही नेहमीपेक्षा बारके. नवी कामकरी जन्मत नाही, जुन्या मरत जातात, आणि पेटी रिकामी होते.

राणी असताना याच माश्यांनी एक अंडं घातलं नसतं. पिल्लं सांभाळली असती, मेण गाळलं असतं, दारावर पहारा दिला असता, वेळ पडली तर डंख मारून जीव दिला असता. प्राण्यांच्या परोपकारावर आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं ते बहुधा इथेच थांबतं: बघा, मुकी माशीसुद्धा समाजासाठी झिजते! मला विचाराल तर ती झिजते कधी यापेक्षा झिजायची थांबते कधी, हे बघण्यासारखं आहे. त्याग कुठे बंद पडतो हे कळलं की तो चालू कशावर होता तेही कळतं. त्यासाठी खानदेशाबाहेर जायची फारशी गरज नाही. मधपेटी, छज्ज्याखालचं गांधीलमाश्यांचं पोळं, बांधावरचे सातभाई पक्षी आणि मृगाच्या पावसात फुटणारं वारूळ, एवढ्यात बरंच भागतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'जात टिकावी म्हणून प्राणी त्याग करतात' हे वाक्य शाळेपासून कानावर असतं. १९६२ मध्ये विन-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने याच धर्तीची मांडणी केली होती: अन्न कमी पडू नये म्हणून प्राणी गटाच्या भल्यासाठी स्वतःची वीण आवरतात. अडचण साधी आहे. अशा संयमी गटात एक फुकटा जन्मला, जो संयम पाळत नाही पण इतरांच्या संयमाचा फायदा घेतो, तर त्याची पिल्लं जास्त होणार. काही पिढ्यांत गटात फुकटेच उरणार. गट बुडायला वेळ लागतो. गटाच्या आतली ही उलथापालथ त्याच्या कितीतरी आधी उरकते. डार्विनलाही ही अडचण दिसली होती. मुंग्या-माश्यांमधल्या वांझ कामकऱ्यांविषयी १८५९ च्या ग्रंथात त्याने लिहिलं की सुरुवातीला ही गोष्ट आपल्या सगळ्या सिद्धांताच्या मुळावर येणारी वाटली. त्याचं उत्तर बरोबर दिशेचं होतं: निवड एकट्या जिवाची होते तशी कुटुंबाचीही होऊ शकते. पण कुटुंब म्हणजे नेमकं किती जवळचं, आणि त्यासाठी किती झिजणं परवडतं, याचा आकडा त्याच्याकडे नव्हता.

आकडा आला १९६४ मध्ये. त्याच्या आधी जीवशास्त्रज्ञ जे.बी.एस. हॉल्डेन यांनी गणिताची चुणूक दाखवली होती. हे हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, आधी कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि नंतर भुवनेश्वरला राहिले, तिथेच १९६४ मध्ये वारले. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव देईन, असं ते म्हणत, हा किस्सा प्रसिद्ध आहे. विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ च्या दोन लेखांत त्याला नियमाचं रूप दिलं. मराठीत मांडायचं तर: नात्याची जवळीक (न) गुणिले ज्याला मदत मिळते त्याचा फायदा (फ) हे मदत करणाऱ्याच्या खर्चापेक्षा (ख) जास्त भरलं पाहिजे. न × फ > ख. फायदा आणि खर्च दोन्ही पिल्लांत मोजायचे, पैशात किंवा श्रमात नाही. आई आणि मूल यांच्यात न ०.५, सख्ख्या भावंडांत ०.५, सावत्र भावंडांत ०.२५, चुलत भावंडांत ०.१२५.

इथे हमखास एक शंका येते. माणूस आणि चिंपांझी यांची जनुकं ९८ टक्क्यांच्या आसपास सारखी म्हणतात, मग भावाशी नातं अर्धंच कसं? कारण 'न' म्हणजे एकूण साम्य नव्हे. आजूबाजूच्या लोकसंख्येत जे साम्य सगळ्यांशीच आहे ते वजा करून, एकाच पूर्वजाकडून आल्यामुळे वर किती उरतं, ते 'न'. सगळ्यांत असलेलं जनुक या हिशोबात कोणाच्याच बाजूने बोलत नाही. दुसरी शंका अशी, की माशीला गणित कुठे येतं? येत नाही, आणि यायची गरजही नाही. वाटणीच्या वेळी भाऊबंद सातबारा समोर ठेवून बसतात तसं इथे कोणी बसत नाही. एखाद्या जनुकामुळे माशी एका विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट वागते. त्या वागण्याने त्या जनुकाच्या प्रती वाढल्या तर ते वागणं टिकतं. मोजदाद होते ती पिढ्यांच्या अंतराने, मोजणारा कोणी नसताना.

आता पेटीतला हिशोब. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्यात नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, त्याला बाप नसतो आणि गुणसूत्रांचा एकच संच असतो. मादी फळलेल्या अंड्यातून होते. बापाकडे एकच संच असल्यामुळे तो सगळ्या मुलींना हुबेहूब तेच देतो. म्हणून एकाच बापाच्या सख्ख्या बहिणींत न ०.७५ येतो, स्वतःच्या मुलीशी असलेल्या ०.५ पेक्षा जास्त. बहीण-भाऊ मात्र ०.२५. कित्येक वर्षं पुस्तकांत एवढंच छापलं जायचं: बहिणी लेकीपेक्षा जवळच्या, म्हणून माश्या बहिणी वाढवतात. वाचायला छान आहे, पण पेटीतली राणी एका नराशी मीलन करून थांबत नाही. मेलिफेरा (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) आणि सातेरी (आपली देशी) या दोन्हींच्या राण्या उडत्या मीलनात दहा-वीस, कधी आणखी जास्त नरांशी जुगतात. आग्याची राणी तर याहून कितीतरी जास्त. बाप वेगळे झाले की बहिणी सावत्र होतात, न ०.२५. सरासरी काढायची तर ०.२५ अधिक (०.५ भागिले नरांची संख्या). एक नर असेल तर ०.७५, दोन असतील तर ०.५, दहा असतील तर ०.३०. म्हणजे पाऊण नात्याची गोष्ट पेटीत लागूच पडत नाही.

तरीही कामकरी अंडी घालत नाहीत. का, हे बघायचं तर हिशोब मुलींचा न करता नरांचा केला पाहिजे. कामकरीचं मीलन झालेलं नसतं, त्यामुळे तिला फक्त नर अंडी घालता येतात. तिच्यापुढे तीन तऱ्हेचे नर आहेत. स्वतःचा मुलगा: ०.५. राणीचा मुलगा, म्हणजे भाऊ: ०.२५. दुसऱ्या एखाद्या कामकरीचा मुलगा, म्हणजे भाचा: बहिणींच्या सरासरी नात्याच्या निम्मा. राणी एकाच नराशी जुगली असेल तर भाचा ०.३७५, भावापेक्षा जवळचा. दोन नरांशी जुगली असेल तर ०.२५, बरोबरी. दहा नरांशी जुगली असेल तर ०.१५. म्हणजे दोनाच्या वर नर गेले की प्रत्येक कामकरीला स्वतःचा मुलगा हवासा, पण बाकीच्या बहिणींचे मुलगे नकोसे. त्यापेक्षा राणीचा मुलगा बरा. सगळ्यांचीच गत तशी असल्यामुळे सगळ्याच सगळ्यांवर पाळत ठेवतात.

हे नुसतं कागदावर नाही. रॅटनिक्स आणि विशर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की राणीच्या पेटीत कामकऱ्यांनी घातलेली नर अंडी ठेवली तर इतर कामकरी ती ओळखून खातात; एका दिवसात जवळजवळ सगळी साफ होतात, राणीची नर अंडी बरीच जास्त टिकतात. नांदत्या मेलिफेरा पेटीत हजार नरांमागे एखादाच कामकरीचा मुलगा असतो. पुढे २००६ मध्ये वेन्सेलियर्स आणि रॅटनिक्स यांनी मधमाशी आणि गांधीलमाश्यांच्या जाती शेजारी ठेवून पाहिल्या. जिथे अंडी खाऊन टाकण्याची व्यवस्था कडक, तिथे अंडी घालायचा प्रयत्न करणाऱ्या कामकरीही कमी. जिथे पहारा ढिला तिथे जास्त. नातं किती जवळचं यापेक्षा पहारा किती कडक यावर संयम जास्त ठरत होता. पोळ्यातल्या शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात ठेवावी: अंडं घालून उपयोगच नसेल तर त्यावर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही, आणि मग काम करणंच परवडतं.

राणी गेली की हे सगळं गणित कोसळतं. भाऊ-बहिणी आता येणारच नाहीत. नव्या राणीसाठी कोवळी अळी नसेल तर पोळं मरणार हे नक्की, आणि मरण्याआधी शेवटचे काही नर जन्माला घालणं हाच कामकरीला जनुकं पुढे पाठवायचा एकमेव मार्ग उरतो. पहारा ढिला पडतो. म्हणून त्या भिंतीवरच्या अंड्यांना 'पेटी बिघडली' म्हणणं आपल्या सोयीचं आहे, माशीच्या बाजूने बिघडलेलं काही नाही.

मधपाळाला मात्र पेटी वाचवायची असते, आणि इथे वरचं सगळं कामाला येतं. राणी गेली त्या दिवशी पेटीत अंडी किंवा तीन दिवसांच्या आतल्या अळ्या असतील तर माश्या स्वतःच राणीघर बांधतात. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण १६ दिवस, मग मीलनाला आणि अंडी सुरू व्हायला आणखी दीड-दोन आठवडे. खानदेशात हा काळ मे महिन्यात आला तर हमखास घोळ होतो. पारा ४४-४५ वर, फुलोरा संपलेला, आजूबाजूच्या पेट्यांनी नर पोसणं बंद केलेलं, आणि तारांवर वेडे राघू बसलेले. कोवळी राणी मीलनाला उडते आणि परत येत नाही, किंवा जुगल्याशिवाय परत येते. जुगली नसेल तर तीही फक्त नर अंडीच घालते. फरक ओळखायचा तो असा: न जुगलेल्या राणीचं अंडं एका घरात एकच आणि तळाच्या मधोमध असतं, झाकणं फुगीर पण सलग पट्ट्यात. कामकऱ्यांची अंडी एका घरात अनेक, भिंतीवर आणि विखुरलेली. आणखी एक: नव्याने अंडी घालू लागलेली चांगली राणीसुद्धा पहिले काही दिवस एका घरात दोन-दोन अंडी टाकते. ती तळाशी असतील तर आठवडाभर थांबावं. घाईने निष्कर्ष काढून चांगली राणी मारल्याचे प्रकार होतात.

कामकरी अंडी घालतायत हे नक्की झालं, की पिंजऱ्यातली विकत आणलेली राणी सरळ सोडायची चूक करू नये. बहुतेक वेळा ती मारली जाते. दुसऱ्या निरोगी पेटीतून अंडी आणि उघड्या अळ्या असलेली एक चौकट, माश्या झटकून, आत द्यावी. आठवड्याने दुसरी, आणखी आठवड्याने तिसरी. उघड्या अळ्यांच्या अंगच्या वासाने कामकऱ्यांची अंडकोशांची वाढ दबते. राणीचा जुलूम म्हणून नव्हे, तर 'इथे अजून भावंडं वाढतायत' ही ती खूण आहे, आणि भावंडं वाढत असतील तर काम करणं पुन्हा परवडतं. दुसऱ्या-तिसऱ्या चौकटीवर राणीघर दिसलं की पेटी वळणावर आली असं समजावं. माश्या फार कमी उरल्या असतील तर हा खटाटोप करू नये, जोडणी करावी. खाली राणी असलेली दणकट पेटी, वर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला सुरीच्या टोकाने चार-पाच बारीक चिरा, आणि कागदावर ही पेटी. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडतात, तोवर वास एक झालेला असतो. हे काम संध्याकाळीच करावं. आपल्याकडच्या उन्हात दुपारी वरच्या पेटीतल्या माश्या कागदावर कोंडून गुदमरतात. आणि सातेरीच्या बाबतीत सगळ्यालाच घाई: राणी गेल्यावर सातेरीच्या कामकरी मेलिफेरापेक्षा बऱ्याच लवकर अंड्यांवर येतात, म्हणून तपासणी आठवड्याच्या आत.

डंखाचाही हिशोब असाच लागतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट माशीच्या पोटातून उपटली जाते. माशी मरते, पिशवी मात्र धडधडत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं, त्यामुळे नखाने खरवडावी की चिमटीने ओढावी या वादात न पडता जी रीत हाताशी असेल तिने ताबडतोब काढावी. नांगीबरोबर धोक्याचा वासही सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट, म्हणजे पिकलेल्या केळ्याच्या वासात असतो तोच. केळीच्या मुलखात पेट्या ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं: केळं खाऊन पेटी उघडू नये, आणि एक डंख बसला की त्या जागी धूर द्यावा किंवा धुवावं, नाहीतर दुसऱ्या तिथेच येतात. आग्या उठला तर यातलं काही करत बसायचं नाही. तोंड झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं, पाण्यात उडी मारायची नाही. डंख खूप बसले असतील किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर थेट दवाखाना.

जीव देणारी माशी कोण असते हेही बघा. नुकती जन्मलेली माशी घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, मग मेण गाळते. पहारा आणि बाहेरची मजुरी येते तिसऱ्या आठवड्याच्या पुढे, जेव्हा हंगामातल्या माशीच्या सहा आठवड्यांच्या आयुष्यातलं निम्मंच उरलेलं असतं. जिच्याकडे गमवायला कमी, ती जास्त धोक्याच्या कामावर. नियमातला 'ख' वयाबरोबर उतरत जातो. सातेरी माश्या मोठ्या गांधीलमाशीला घेराव घालून, अंग थरथरवून, तापमान ४६ अंशांच्या आसपास नेऊन भाजून मारतात. जपानमध्ये या घेरावांवर २०१८ मध्ये काम झालं. घेरावात शिरलेल्या माश्यांचं आयुष्य कमी होतं असं दिसलं, आणि एकदा शिरलेलीच पुढच्या वेळी पुन्हा शिरण्याची शक्यता जास्त.

गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत, ती पुन्हापुन्हा डंख मारते आणि जगते. कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे: तिच्या बाबतीत उद्या राणी होण्याची आशा संपलेली नसते. आपल्याकडे खिडकीच्या छज्ज्याखाली, गोठ्याच्या आढ्याला कागदी, करड्या रंगाचं, उघडं पोळं टांगून राहते ती रोपालिडिया मार्जिनाटा. हिच्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं काम केलं. या जातीतली राणी दिसायला इतरांसारखीच आणि स्वभावाने थंड. कोणावर गुरकावत नाही. ती उचलून बाजूला केली तर काही मिनिटांत एक कामकरी भयंकर आक्रमक होते, इतर तिला आव्हान देत नाहीत, आणि आठवड्याभरात ती अंडी घालू लागते. त्याआधी राणी परत ठेवली तर ती आक्रमक माशी मुकाट्याने कामाला लागते.

पण अंडी घालता येत असताना या माश्या दुसरीकडे राबतात कशाला? इथेही राण्या अनेक नरांशी जुगतात, शिवाय पोळ्यावर एकामागून एक राण्या येत-जात राहतात. त्यामुळे कामकरी वाढवते त्या अळ्या बहिणी, भाच्या, चुलत-मावस अशा सरमिसळ असतात. पाऊण नातं इथेही नाही. गदगकरांचं उत्तर खर्च-फायद्याच्या बाजूने येतं आणि मला ते या विषयातलं सगळ्यात देखणं वाटतं. आकडे घालून बघू. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण ६० दिवस लागतात. समजा, बाहेर हिंडणाऱ्या माशीला रोज मरण्याची शक्यता ३ टक्के आहे. एकटीने पोळं बांधलं तर सगळे ६० दिवस जिवंत राहावं लागेल. मध्येच मेली तर अळ्या उपाशी मरणार, सगळं शून्य. ०.९७ चा ६० वा घात काढला तर येतात १६ टक्के. आता तीच माशी भरल्या पोळ्यात राबली तर? ती विसाव्या दिवशी मेली तरी वीस दिवसांचं काम वाया जात नाही, पुढचं दुसऱ्या कोणीतरी करतात. त्याच मृत्युदराने ६० पैकी सरासरी २७ दिवस तिच्याकडून काम होतं, म्हणजे ४५ टक्के. सोळाच्या जागी पंचेचाळीस. मग नातं किती असलेलं पुरे? स्वतःच्या पिल्लाशी ०.५, म्हणून ०.५ × १६ ÷ ४५, जवळपास ०.१८. सावत्र बहिणीइतकंही जवळचं नको. मृत्युदर बदलून हा हिशोब पुन्हा करून बघा: रोजचा धोका १ टक्क्यावर आणला तर एकटीला ५५ टक्के यश आणि राबण्याचे ७५ टक्के, आणि लागणारं नातं ०.३७ पर्यंत चढतं. जग जितकं धोक्याचं तितकं परक्यासारख्या नातलगासाठीही राबणं परवडतं.

हे पोळं बघायचं असेल तर वीस-पंचवीस माश्यांचं निवडावं. मोजणी रात्री करावी, तेव्हा सगळ्या घरी असतात. टॉर्चला लाल कागद लावावा. दिवसा हातभर अंतर ठेवून, आणि पोळ्यावर श्वास न सोडता. घरांचा कागदावर नकाशा काढून अंडं, अळी, झाकलेलं असं भरत गेलं की दोन महिन्यांचा हिशोब समोर उभा राहतो. जी पोळं सोडून कधीच जात नाही ती राणी असण्याचा संभव जास्त. खात्री मात्र ती अंडं घालताना दिसली तरच.

सातभाईंकडे येऊ. सात असतातच असं नाही, कधी चार, कधी पंधरा. घरटं एका जोडीचं, पण चारा भरवायला गटातले इतरही येतात. बरेचसे आधीच्या विणीतली मोठी पोरं. पोरं वेगळी का होत नाहीत? बहुधा जागा नसते म्हणून. या मुद्द्याचा सगळ्यात स्वच्छ प्रयोग सेशेल्स बेटांवरच्या वटवट्या पक्ष्यांवर झाला. कझिन नावाच्या बेटावर सगळ्या जागा भरलेल्या होत्या आणि पोरं आईबापांकडे राबत होती. १९८८ मध्ये त्यातले २९ पक्षी शेजारच्या रिकाम्या आरीद बेटावर नेऊन सोडले. तिथे मदतनीस दिसेनात, जो तो आपलं घरटं करू लागला. पुढे चांगल्या जागा भरल्या तसे मदतनीस परत आले. त्याग मोकळ्या जागेने विरघळला आणि गर्दीने पुन्हा गोठला.

सातभाई भरवतात ते नातं तपासून नाही. 'आपल्या घरट्यात तोंड उघडतंय ते आपलं' एवढाच त्यांचा नियम, आणि बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो. पावशा आणि चातक याचाच फायदा घेतात. दोघेही सातभाईंच्या घरट्यात निळीच अंडी टाकतात, आणि पावसाळ्यात अख्खा गट परक्या पिल्लाला सुरवंट आणून देताना दिसतो. नियम फसतो, तरी टिकतो, कारण एरवीची कमाई या नुकसानीपेक्षा मोठी. राखण करणाऱ्या पक्ष्याबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. उंच फांदीवर बसून ओरडणारा गटासाठी जीव धोक्यात घालतो असं वाटतं. पण आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या मिरकॅट या मुंगसासारख्या प्राण्यावर १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात राखणदार पोट भरल्यावरच वर चढतात, बिळाजवळ बसतात आणि धोका आला की आधी सुटतात असं आढळलं. खर्चच नसेल तर त्याला परोपकार म्हणायचं कारण नाही.

वाळवीवर थोडक्यात. तिच्यात नर-मादी दोघांनाही दोन्ही संच असतात, बापाविना जन्म नाही, पाऊण नात्याचा प्रश्नच नाही; तरी तिचा समाज मधमाशीइतकाच पक्का. पहिल्या पावसात पंखवाल्या वाळव्या दिव्याभोवती येतात, जोड्या जमतात, पंख गळतात आणि एक राजा, एक राणी जमिनीत कायमची एकत्र राहतात. जुगून झाल्यावर राजा मरत नाही, पुन्हापुन्हा जुगत राहतो. म्हणून भावंडं सगळी सख्खी, ०.५, स्वतःच्या पिल्लाइतकीच. तेव्हा भावंडं वाढवण्यात तसूभरही जास्त यश मिळालं तरी पारडं झुकतं. २००८ मध्ये माश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांच्या २६७ जातींवर झालेल्या अभ्यासातही हेच निघालं: अशा समाजांच्या आठही वंशशाखांच्या मुळाशी एकाच नराशी जुगणारी मादी होती. अनेक नर नंतर आले, कामकरी स्वतंत्र विणीकडे परत फिरू शकत नव्हत्या तेव्हा.

नातं नसतानाही मदत होते, पण तिच्या अटी कडक. तोच सोबती पुन्हा भेटला पाहिजे, ओळखता आला पाहिजे, आणि फुकट्याला टाळता आलं पाहिजे. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हे मांडलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली रक्तपिपासू वटवाघळं याचं गाजलेलं उदाहरण. दोन-तीन रात्री उपाशी राहिली तर मरतात, म्हणून एकमेकांना रक्त ओकून देतात, आणि कोणी आधी दिलं होतं हे नात्यापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं. सातपुड्यातल्या वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं घेऊन बसतात ते इतकं महागाचं नाही. आईला चरायला वेळ मिळतो, कोवळ्या मादीचा हात बसतो. त्याच टोळीत बाहेरचा नर सत्ता घेतो तेव्हा तान्ही पिल्लं मारतो, ही नोंद धारवाडला १९६० च्या दशकात झाली आणि नंतर माउंट अबूला.

२०१० मध्ये नोवाक, टार्निटा आणि विल्सन यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हॅमिल्टनचा नियम टाकाऊ ठरवायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सही करून उत्तर दिलं. सह्यांनी वाद सुटत नाही हे खरं, पण फ आणि ख मोजल्याशिवाय नुसतं न घेऊन बसू नये एवढा धडा दोन्ही बाजूंच्या लिखाणातून मिळतो.

शेताच्या बांधावर सातभाईंचं घरटं सापडलं तर मोजायचं काय? तासाला एकूण किती फेऱ्या, पिल्लं किती, गटात पक्षी किती. हे तीन आकडे सकाळच्या वेळी रोज ठरावीक तास घेतले तर मोठ्या गटाची पिल्लं जास्त उडतात का हे निदान दिसू शकतं. कोणता पक्षी कितीदा आला हे कड्या घातल्याशिवाय कळत नाही, आणि पक्षी पकडून कड्या घालायला वन विभागाची परवानगी लागते. डोळ्याने ओळखल्याचा आव आणला की एकच उत्साही पक्षी चार वेळा मोजला जातो आणि चार मदतनीस कागदावर जन्माला येतात. घरट्यात पावशाचं किंवा चातकाचं पिल्लू असेल तर त्या फेऱ्या वेगळ्या रकान्यात लिहाव्यात.